मोठेजींचा ज्येष्ठातला फोटो

गभणेजी जनावराचा फोटो काढण्याआधी चपला काढत. देवळात शिरताना काढतो तशा लगबगीनं नव्हे. व्याह्याच्या ओसरीवर चढताना काढतो तशा, जोडीनं, नीट एका बाजूला. मग तलावाच्या पाळीवर बसण्याआधी समोरच्या झाडोऱ्याकडे पाहून हळूच विचारत, "बसू का जी?" झाडोरा काही बोलत नसे. ते क्षणभर थांबत, आतून कोणी 'बसा' म्हटल्यासारखी मान हलवत, आणि बसत.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी फिदीफिदी हसले होते. मी म्हणजे तेव्हाची मी. वय अडतीस, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, गळ्यात भावानं दिलेला नवा कॅमेरा, आणि ऐट अशी की जणू जंगलानंच तिला आमंत्रण धाडलं होतं. त्या बाईची मला आता गंमत वाटते आणि रागही येतो. कॅमेरा ती शाळेतसुद्धा गळ्यात घालून जायची. पोरांनी तिचं नाव 'टपालपेटी' ठेवलं होतं, हे तिला निवृत्तीच्या समारंभात कळलं.

गभणेजींचा फोटो स्टुडिओ शहापुरात हायवेला अगदी लागून होता. पुढे दुकान, मागे अंधारी खोली, तिच्या मागे घर. नागपूरकडून भरलेला ट्रक आला की फरशी थरथरायची, भिंतीवरचा आरसा खडखडायचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं, गभणेजी कॅमेऱ्यामागे वाकलेले, आणि ट्रकचा आवाज आला की ते एक बोट वर करत. "जाऊ द्या त्याले." सगळे श्वास धरून बसत. आमच्या गावच्या त्या काळातल्या सगळ्या फोटोंत माणसं ट्रक जायची वाट पाहताना दिसतात. माझ्या सासूबाईंचा हार घातलेला फोटोही तसाच आहे.

त्यांच्या दुकानाचा निम्मा भार सुशीलावहिनींवर होता. फोटो गभणेजी काढत, पण माणूस फोटोलायक करत त्या वहिनी. आरशापाशी त्यांची फणी, तेलाची बाटली आणि पावडरचा डबा असायचा. लग्नाच्या मुलीचा दाखवायचा फोटो असला की वहिनी तिला मागच्या खोलीत नेत, वेणी सोडून नव्यानं घालत, आणि बाहेर पाठवताना हनुवटीला बोट लावून म्हणत, "मान वर कर व. तुह्यात काय कमी आहे?" पोरगी मान वर करूनच स्टुलावर बसायची. वहिनींचे स्वतःचे केस गुडघ्यापर्यंत नव्हते काही, पण दाट होते, आणि त्यांचा खोपा बघून भंडाऱ्याहून आलेल्या बायकासुद्धा विचारत, तेल कोणतं लावता.

गभणेजींचं आणखी एक कसब होतं. घरात कोणी गेलं आणि धड फोटो नसला की लोक त्यांच्याकडे येत. कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातला, अर्धा डोळा मिटलेला चेहरा ते मोठा करत, आणि बारीक कुंचल्यानं डोळे उघडून देत. अर्ध्या तालुक्यातल्या मेलेल्या माणसांचे डोळे त्यांनी उघडले होते. बंडीवर आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांना कोट चढवला होता. "त्यायच्या लेकरायले बरं वाटते जी," एवढंच म्हणत.

पण दुकानाच्या मधल्या भिंतीवर माणसाचा एकही फोटो नव्हता. तिथे तीन सांबरं होती. खरं म्हणजे एकच सांबर, तीन वेळा. एकात ते पावसाळ्यातलं, शिंगांवर मऊ लव चढलेली, जणू मखमलीची खोळ घातली आहे. दुसऱ्यात हिवाळ्यातलं, शिंगं लखलखीत, मानेवर आयाळ, पोटापर्यंत चिखल. तिसऱ्यात फाल्गुनातलं, आजूबाजूला पानगळ आणि त्याचं डोकं किंचित कललेलं, कारण एक शिंग गळून पडलेलं आणि दुसरं अजून वर. या सांबराला गभणेजी 'मोठेजी' म्हणत. आमच्याकडे माणसाला 'जी' लावतात, तसा त्यालाही. "मोठेजी काल दिसले नाहीत." "मोठेजींची तब्येत यंदा बरी दिसून राह्यली." नव्या माणसाला वाटायचं, सासऱ्यांविषयीच बोलताहेत.

मी त्यांच्याकडे फोटो शिकायला गेले. म्हणजे तसं म्हणाले. खरं तर माझा कॅमेरा त्यांच्यापेक्षा नवा आहे, हे दाखवायला गेले होते. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, सगळीकडून पाहिला, परत दिला.

"मस्त आहे. बसता येते का तुमाले?"

"म्हणजे?"

"म्हंजे बसाचं. न हालता. दोन-तीन घंटे."

"मी मास्तरीण आहे. पस्तीस मिनिटांचा तास उभ्यानं घेते."

"तेच तर," ते म्हणाले. "मास्तरीणबाईले बसता येत नाही. बोलल्याशिवाय तर नाहीच नाही."

आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. त्या दिवसापासून मी त्यांची मास्तरीणबाई झाले, आणि शेवटपर्यंत तीच राहिले.

कोक्याच्या जंगलाच्या कडेला एक जुना तलाव होता, अर्धा कमळांनी भरलेला. तेव्हा तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. गभणेजी पहाटे फटफटीवर निघत, मी मागून लुनावर. वाटेत चढ लागला की माझी लुना दम टाकायची आणि मला पायडल मारावं लागायचं. गभणेजी पुढे जाऊन थांबत, मागे वळून पाहत नसत. बाईमाणसाला पायडल मारताना पाहू नये, एवढी त्यांची रीत.

त्या पहिल्या सकाळची गोष्ट सांगायला मला आता लाज वाटत नाही, कारण लाजायला हवं होतं ते त्या अडतीस वर्षांच्या बाईनं. त्या काळी मी गंगावन लावायची. आपले केस आपल्याला पुरत नाहीत असं वाटणाऱ्या बायका लावतात ते, खोप्यात खोवायचं, उसन्या केसांचं. घरात आमच्या ह्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, अशी माझी समजूत. जंगलात मी गभणेजींच्या मागून वाकून चालत होते आणि बोराटीच्या एका काट्यानं माझा खोपा धरला. मी हिसका दिला, पुढे गेले, पाळीवर बसले. थोड्या वेळानं गभणेजी उठले, मागे गेले, आणि एका काटकीच्या टोकावर माझं गंगावन लटकवून घेऊन आले. मेलेली खार आणावी तसं, हात लांब धरून. माझ्या बाजूला ठेवलं. तलावाकडे पाहत म्हणाले, "हे तुमचं पडलं वाट्टे."

आणि बसले. त्याविषयी पुन्हा चकार शब्द नाही. मी ते पर्समध्ये कोंबलं आणि जंगलाला मनात शिव्या घातल्या.

मोठेजी त्या दिवशी दिसले. हिवाळा होता. धुकं पाण्यावरून उठत होतं आणि त्यातून ते छातीपर्यंत पाण्यात चालत आले, घोड्याहून मोठे वाटले मला. मान पाण्याखाली घालत, कमळाचा देठ उपटून वर येत, तोंडातून पाणी निथळत असताना चघळत उभे राहत. शिंगांवर शेवाळ लोंबत होतं. मी कॅमेरा लावला आणि खटाखट सुरू केलं. सहावा की सातवा फोटो असेल, त्यांनी मान वळवली, कान पुढे केले, पाय आपटला, आणि 'ढाँक' असा आवाज टाकून निघून गेले. अख्खा तलाव हादरला.

गभणेजींनी एकच फोटो काढला होता, माझ्या आधी.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "घरी पाव्हणा आला तर त्याले चहा किती वेळा इचारता?"

"एकदा."

"मंग? यायले छत्तीस वेळा काहून इचारून राह्यल्या?"

त्यांचा नेमच होता. एका मोसमात मोठेजींचा एक फोटो. बटण एकदा दाबायचं. आला तर आला, नाही आला तर पुढच्या मोसमापर्यंत थांबायचं. मी म्हटलं, हा तर वेडेपणा आहे. ते म्हणाले, "असंल."

दुसरा नेम रोल भरण्याचा. आता हे समजावून सांगावं लागेल. त्या वेळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असायचा. त्याची जीभ एका चक्रात अडकवायची, झाकण लावायचं आणि चाप ओढून रोल पुढे घ्यायचा. जीभ नीट अडकली नाही तर कॅमेरा आतल्या आत रिकामाच फिरतो. आकडे पुढे जातात, बटण वाजतं, सगळं खरं वाटतं, आणि फोटो एकही निघत नाही. ओळखायची खूण एकच: चाप ओढताना डावीकडची बारीक खुंटी आपोआप फिरली पाहिजे. गभणेजी चाप ओढताना खुंटीकडे असं पाहत की जणू नाडी पाहताहेत. मला प्रत्येक वेळी विचारत, "खुंटी पाह्यली?" मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता. आपण विज्ञान शिकवतो आणि हा माणूस आपल्याला खुंटी शिकवतो.

असे तीन हिवाळे, तीन पावसाळे गेले. उन्हाळ्यात मात्र आम्ही कधी गेलो नाही. उन्हाळा म्हणजे लग्नं, आणि लग्नं म्हणजे गभणेजी गावोगाव मांडवात. म्हणून भिंतीवर चौथा फोटो नव्हता. ज्येष्ठातले मोठेजी नव्हते, दोन्ही शिंगं गेलेले, बोडखे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बोडख्या सांबराचा फोटो काढून करायचंय काय?"

चौथ्या वर्षी माघात सुशीलावहिनींना छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, सुया सुरू झाल्या. दुसऱ्या सुईनंतर केस उशीवर यायला लागले, आणि तिसरीनंतर राहिलेच नाहीत.

वहिनींनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला येण्याची रीत मोठी, बायका डब्यात काहीबाही घेऊन येत, बाहेर दुकानात बसत, आणि वहिनी आतून म्हणत, "झोपली मी." फणी आरशापाशीच पडून असायची. लग्नाच्या मुली यायच्या, गभणेजी म्हणत, "आजच्या दिवस तशीच बस बाई," आणि त्या मान खाली घालून बसायच्या. वहिनी दुकानात येत नाहीत, न्हाणीतला आरसा उलटा करून ठेवलाय, हे सगळं मला गभणेजींनीच एकदा तुटक तुटक सांगितलं. आणि मग ते भांडण सांगितलं.

ते वहिनींना म्हणाले होते, "मोठेजींचं दरसाल सारं जाते. दरसाल येते. ते नाही लपून बसत."

"झूट," वहिनी आतून म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर सारे शिंगवालेच आहेत. बोडखा एक तरी दाखवा."

"दाखवतो."

"आणा त्याचा फोटो. तसाच्या तसा, बोडखा. मंग मीबी बसीन तुमच्या स्टुलावर. डोक्यावरचा पदर काढून."

वीस वर्षांच्या संसारात वहिनींचा धड असा एक फोटो नव्हता. त्या नेहमी पडद्यामागे, दुसऱ्याची वेणी घालत. लग्नातला होता, त्यात मुंडावळ्यांमागे नुसती हनुवटी. गभणेजी दहा वेळा म्हणाले असतील, बस एकदा. त्या म्हणत, गिऱ्हाइकं आहेत, उद्या. आता त्या बसायला तयार होत्या, पण या अटीवर. आणि नागपूरच्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून गभणेजींना जे सांगितलं होतं, ते वहिनींना माहीत नव्हतं. किंवा होतं.

त्या वर्षी गभणेजींनी एकही लग्न घेतलं नाही. ज्येष्ठ लागताच ते पहाटे तलावावर जाऊ लागले. शाळेला सुट्टी होती, मीही जाऊ लागले. शिंगं गेलेला नर भित्रा होतो, दाट झाडीतच राहतो. तलाव आटून मध्यावर आला होता, पाण्याला यावं तर लागतंच. पण ते उजाडायच्या आत येऊन जात. आम्ही पोहोचायचो तेव्हा चिखलात ताजे खूर असत, आणि त्यांत पाणी भरत असे. असे आठ दिवस गेले. गभणेजी रात्री वहिनींच्या उशाशी, पहाटे इथे. नवव्या सकाळी त्यांच्या बोटांना कंप सुटला होता. आदल्या दिवशी दुकानातल्या गिऱ्हाइकांत रोल संपला होता, नवा भरायचा होता, आणि त्यांना जीभ चक्रात बसवता येईना.

"द्या इकडे," मी म्हटलं. "मला येतं."

त्यांनी मुकाट्यानं कॅमेरा दिला. मी भरला, झाकण लावलं, चाप ओढला, मोठ्या रुबाबात.

"खुंटी पाह्यली?"

तेवढ्यात पलीकडे पाण्यात पाय पडल्याचा आवाज झाला.

"हो," मी म्हटलं.

मी पाहिली नव्हती. कामात चूक कोणाचीही होते. ते 'हो' मात्र माझं होतं. आजवर मी पुष्कळ खोटं बोलले आहे, वयाविषयी, केसांविषयी, नातवंडांनी पाडलेल्या बरण्यांविषयी. त्यातलं हे सगळ्यात लहान.

मोठेजी आले होते. चांगलं उजाडलं असताना, उघड्यावर. मी त्यांना ओळखलं नसतं. डोकं केवढंसं दिसत होतं, कान मात्र मोठे झाल्यासारखे. शिंगांच्या जागी अर्ध्या लिंबाएवढे दोन उंचवटे, त्यांवर काळपट लव. ते चिखलात बसले, एका अंगावर लोळले, उठले, पाण्यात शिरले, देठ उपटला. मग आमच्याकडे पाहिलं. गभणेजींनी तेव्हाच बटण दाबलं, एकदा. मोठेजी खातच राहिले. गभणेजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते, हालायचं नाही म्हणून.

परतताना ते फटफटीवरून मागे वळून माझ्याशी बोलत होते. तसे ते कधी बोलत नसत. लुनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं, तरी मी मान हलवत होते.

एका फोटोसाठी रोल धुवायला घेणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. दुकानात शिरले ते थेट अंधाऱ्या खोलीत. आत गेले की ते गुणगुणत, तसे गुणगुणू लागले. मग गुणगुणणं थांबलं. अंधारात रोल बोटांनी चाचपतात. बोटांनाच आधी कळलं असणार. बाहेरून दोन ट्रक गेले. मग दार उघडून ते आले. हातात रोल, आणि त्याची जीभ तशीच्या तशी बाहेर. एक घरही पुढे सरकलेली नव्हती.

"पकडला नव्हता," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"माहीच चूक. खुंटी मी पाहाले पाहिजे होती."

आणि मी तोंड मिटलं. टपालपेटीसारखं.

त्यानंतरही ते रोज गेले. पण पाच-सहा दिवसांत मृग बरसला, जंगलात जागोजाग पाणी झालं, तलावावर कोण कशाला येतं. एके दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं.

"मास्तरीणबाई, तुमी पाह्यलं ना त्यायले? तिले सांगा. माह्यावर तिचा भरोसा नाही. म्हणते, तुमी मले बरं वाटावं म्हणून सांगता."

मी आत गेले. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. हात कसले, काटक्या. मी सांगू लागले. त्या मधे मधे विचारत होत्या, आमच्या शाळेवर येणाऱ्या साहेबापेक्षा कडक.

"शिंगाच्या जागी जखम होती का?"

"नाही. लव फुटत होती."

"अंगानं खराब झाला होता?"

"थोडा. बरगड्या दिसत होत्या."

"लाजत होता?"

याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी आठवून पाहिलं. "नाही वहिनी. चिखलात लोळला. मग कमळाचे देठ खाल्ले. आमच्याकडे पाहिलं, आणि खातच राहिला."

त्यांनी पदर मागे घेतला. इतकं सुंदर डोकं असेल असं मला वाटलं नव्हतं. लहान, गोल, आणि कानामागे एक तीळ, जो कदाचित त्यांनासुद्धा माहीत नसेल.

"पाहा मंग," त्या म्हणाल्या.

मी आपलं डोक्यामागे हात नेऊन गंगावन उपसलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाप्पा!" वहिनी म्हणाल्या. "मले तर पहिल्या दिवसापासून मालूम होतं, बाई. तो खोपा तुमचा नाही."

"पहिल्या दिवसापासून?"

"अव, मी वेण्या घालणारी बाई. रंग दोन आहेत तुमच्या केसाले."

मग मी बोराटीची आणि काटकीवरच्या खारीची गोष्ट सांगितली. वहिनींनी ते गंगावन आपल्या डोक्यावर आडवं ठेवलं, आणि हसू लागल्या. आवाज न करता, पोट धरून, मग खोकत. गभणेजी दारात येऊन उभे राहिले. आम्हाला पाहिलं आणि तसेच उलटे दुकानात पळाले. कॅमेरा घेऊन परत आले तोवर वहिनींनी पदर ओढून घेतला होता.

"एक काढू दे, सुशीला."

"बोली तशी नव्हती," त्या म्हणाल्या. त्या अजून हसत होत्या. "पहिले त्याचा. मंग माहा."

"मास्तरीणबाईनं सांगितलं ना तुले?"

"सांगितलं. खरं आहे, मानते मी. पण बोली फोटोची होती. पुढच्या ज्येष्ठात काढा. कुठी पळून चालली मी?"

गभणेजींनी कॅमेरा खाली केला. त्यांनी बटण दाबलं असतं तर दाबता आलं असतं. पुष्कळ जणांनी दाबलं असतं. पण 'नाही' म्हणणाऱ्याचा फोटो त्यांनी आयुष्यात काढला नव्हता.

पोळ्याच्या आठ दिवस आधी वहिनी गेल्या.

तेरवीला माणसं जमली. पाटावर फोटो मांडला होता तो लग्नातला, मोठा केलेला: मुंडावळ्या, पदर आणि हनुवटी. बायका कुजबुजल्या. साऱ्या तालुक्याचे डोळे उघडून देणारा माणूस, आपल्या बायकोचा चेहरा रंगवता आला नाही का? त्यांच्या थोरल्या साळ्यानं स्पष्टच विचारलं. गभणेजी म्हणाले, "जे दिसत नाही ते मी रंगवत नाही." साळा म्हणाला, "अन् आजवर काय केलं, जावाईबापू?" ते म्हणाले, "दुसऱ्यायचं केलं."

त्यानंतर ते तलावावर गेले नाहीत. पुढच्या ज्येष्ठात मी विचारलं, तर म्हणाले, लग्नं आहेत. काही वर्षांनी स्टुडिओ बंद झाला, जागा रस्ता रुंदीकरणात गेली, आणि ते वरठीला लेकीकडे राहायला गेले. जावई तिथल्या कारखान्यात.

तलावावर मी जात राहिले. बसायला शिकले, उशिरा का होईना. गंगावन सोडलं, ते मी त्याच दुपारी वहिनींकडे ठेवून आले होते. मोठेजी केव्हातरी दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी दुसरा नर आला, थोडा ठेंगणा. पावसाळे, हिवाळे, फाल्गुन सगळे मिळाले. ज्येष्ठ मिळेना. तो मिळाला तेव्हा रोल जाऊन डिजिटल कॅमेरा आला होता, आणि मला गुडघ्याचं दुखणं लागलं होतं. सकाळचं कोवळं ऊन, आटलेलं पाणी, आणि मधोमध उभा बोडखा नर, तोंडात देठ.

फोटो मोठा करून घेतला आणि स्कूटीवरून वरठीला गेले. गभणेजी क्वार्टरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. फार वाळले होते. मी फोटो हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"मोठेजी नाहीत हे."

"नाहीत. त्यांच्या नंतरचा."

"फोकस कानावर गेला तुमचा. डोळ्यावर पाहिजे होता." आणि थोड्या वेळानं, "किती काढले?"

"एकोणीस."

"एकोणीस वेळा इचारलं त्यायले!" ते हसले. दात नव्हते.

मग मी ते बोलले, इतक्या वर्षांचं. म्हटलं, "गभणेजी, त्या दिवशी खुंटी मी पाहिली नव्हती. न पाहता हो म्हटलं."

"मालूम आहे."

"केव्हापासून?"

"तवाच. तुमी माह्याकडं पाहून हो म्हणलं. खुंटीकडं तुमची नजरच नव्हती."

"मग तुम्ही का नाही पाहिली?"

"मोठेजी आले होते ना जी," ते म्हणाले. "खाली पाह्यलं असतं अन् ते गेले असते तर? मी म्हणलं, पहिले पाहून तर घेऊ."

लेकीनं चहा आणला. आम्ही तो प्यालो. मग त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला.

"हा तुमीच ठेवा, मास्तरीणबाई. मले जिले दाखवाचा होता…" पुढचं त्यांनी कपाबरोबर खाली ठेवलं.

मी फोटो पिशवीत घातला, बाहेर आले, स्कूटी सुरू केली. कारखान्याची पाळी सुटली होती. सायकली आणि मोटरसायकली रस्ताभर. मी वळवून घेते तोच मागून हाक आली. गभणेजी अनवाणीच रस्त्यात आले होते.

"एकदा अजून पाहू द्या."

मी पिशवीतून फोटो काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि त्यावर ऊन पडू नये म्हणून सूर्याकडे पाठ करून उभे राहिले, अगदी रस्त्याच्या मधोमध. सायकलवाले घंटी वाजवत होते, मोटरसायकलवाले ओरडून बाजूनं जात होते, कोणी म्हणालं, "ओ बाबा, मरता का!" ते हालले नाहीत.

मी स्कूटीची चावी बंद केली.